उभ्या चेंडूवर हात बसवा

लोहार घण मारतो, तो नेमका तापल्या लोखंडावर पडतो. शिंपी कात्री चालवतो, ती खडूच्या रेघेवरून सरकत जाते. भाकरी थापणारी बाई बोलता बोलता थापते, तरी भाकरी गोलच होते. अशा माणसाला आपण म्हणतो, "याचा हात बसला आहे." हात बसणे म्हणजे काय? तेच काम, त्याच रीतीने, पुन्हा पुन्हा केले की शरीर ते लक्षात ठेवते. मग दर वेळी विचार करावा लागत नाही.

पण यात एक गोम आहे. शरीर बरोबर रीत लक्षात ठेवते, तशी चुकीची रीतही लक्षात ठेवते. पेन्सिल वाकडी धरायची सवय लागली, की ती सुटता सुटत नाही. हे आपल्या साक्षरतेच्या वर्गात आपण पाहिलेच आहे. म्हणून नुसता सराव करून भागत नाही. सराव बरोबर रीतीने व्हावा लागतो.

या धड्यात आपण चेंडू मारण्याचा हात कसा बसवावा ते पाहू. त्यासाठी एक साधे साधन आहे. त्याला 'टी' म्हणतात. ही टी म्हणजे पिण्याचा चहा नव्हे, बरे का! गोल्फच्या खेळात चेंडू ज्या लहान खुंटीवर ठेवतात, तिला टी म्हणतात. तेच नाव इकडे आले. आपण तिला सरळ 'खुंटी' म्हणू.

हा खेळ कोणता?

क्रिकेट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बेसबॉल हा त्याचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणा ना. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. महाराष्ट्रात शाळांच्या स्पर्धांमध्ये हे दोन्ही खेळ आहेत, आणि मुलीही ते हिरिरीने खेळतात. पुण्यात एखाद्या शाळेच्या मैदानावर मुलगी गोल दांडक्यासारखी बॅट खांद्याजवळ धरून उभी दिसली, तर ती यांपैकीच एक खेळ खेळते आहे असे समजावे.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो 60 फूट 6 इंच अंतरावरून चेंडू फेकतो. चेंडू टप्पा घेत नाही, थेट येतो. मारणाऱ्यासमोर जमिनीवर एक पांढरी पाटी असते. तिची रुंदी 17 इंच. त्या पाटीवरून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत चेंडू आला, तर तो मारण्याजोगा चेंडू. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोठा असतो, त्याचा घेर सुमारे 12 इंच. पिचर तो खालून हात फिरवून टाकतो, आणि मैदानही लहान असते. पण मारण्याची रीत दोन्हींकडे जवळजवळ एकच.

मारणे अवघड का?

क्रिकेटची बॅट चपटी असते. ती सव्वाचार इंच रुंद असू शकते. बेसबॉलची बॅट गोल. तिचा सर्वांत जाड भाग अडीच इंचांहून जरासा जास्त. चेंडूही गोल. आता गोल दांडक्याने गोल चेंडूला मारायचे, म्हणजे बोटभर चूक झाली तरी काम बिघडते. बॅट थोडी खाली लागली की चेंडू वर उडतो आणि कोणीतरी झेलतो. थोडी वर लागली की चेंडू जमिनीवर आपटतो.

त्यात वेळ किती मिळतो? मोठे पिचर ताशी 145 किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकतात. तो चेंडू मारणाऱ्यापर्यंत यायला अर्धा सेकंददेखील लागत नाही. साधारण 0.4 सेकंद लागतो. तेवढ्यात डोळ्याने चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे, आणि बॅट फिरवायची. शाळेतल्या मुलांचा चेंडू इतका वेगवान नसतो, पण त्यांनाही वेळ थोडाच मिळतो.

म्हणजे मारणाऱ्याला एकाच वेळी दोन कामे असतात. एक काम डोळ्याचे, दुसरे अंगाचे. फटका चुकला तर चूक डोळ्याची की अंगाची, ते त्याला कळत नाही. बाहेर उभ्या माणसालाही नीट कळत नाही. इथेच खुंटी उपयोगी पडते. खुंटीवर चेंडू स्थिर असतो. डोळ्याचे काम सोपे झाले. आता उरले ते अंगाचे काम. फटका चुकला, तर चूक अंगाचीच. सबब सांगायला जागाच नाही!

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मल्लखांब पाहा. खांब जागचा हलत नाही, उलटून डाव टाकत नाही. तरी पहिलवान त्यावर मेहनत करीत. पकड, पीळ, अंगाचा तोल, हे सारे त्या मुक्या खांबावर पक्के करायचे आणि मग लाल मातीत जोडीदाराशी भिडायचे. खुंटीवरचा चेंडू हा असाच एक मुका जोडीदार आहे.

पुण्यातली एक जुनी गोष्ट

सरावाला जोडीदार लागतो, आणि जोडीदार मिळणे ही नेहमीच अडचण असते. ही अडचण फक्त पैशाची नसते. पुण्यातलेच एक उदाहरण घ्या.

पालवणकर बाळू हे नाव क्रिकेटच्या इतिहासात मोठे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाचे काम करीत. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा एक इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. बाळूंनी तिथे हजारो चेंडू टाकले. पण त्या सरावात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या इतिहासकारांनी नोंदले आहे. फलंदाजी हा तेव्हा साहेबांचा आणि श्रीमंतांचा मान समजला जाई.

बाळू चांभार समाजातले. पुण्याच्या हिंदू संघात ते खेळू लागले, तेव्हाही चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तरी त्यांचा चेंडू कोणाला अडवता आला नाही. 1911 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी 114 गडी बाद केले. पुढे 1923 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले.

बाळू गोलंदाज म्हणून एवढे मोठे का झाले? अंगात गुण होता हे खरेच. पण रोज हजारदा हात फिरवायची संधी त्यांना मिळाली, ती गोलंदाजीची. फलंदाजीची मिळाली नाही. हात बसायला आधी हाताला काम मिळावे लागते.

आजही पुष्कळ मुलांची हीच तऱ्हा असते. संघात वीस मुले, बॅटी दोन. धीट मुलगा पुढे होतो, लाजरा मागे राहतो. मुलगी असली तर तिला म्हणतात, "तू चेंडू आणून दे." संध्याकाळ होते, आणि मागच्या मुलाच्या वाट्याला पाच-सहा चेंडूसुद्धा येत नाहीत. खुंटीने जगातला भेदभाव जात नाही. पण खुंटीला गोलंदाज लागत नाही, मैदान लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला कोणी बॅट देत नाही, त्याला घराच्या मागे रोज पन्नास फटके मारता येतात. हे काही थोडेथोडके नाही.

खुंटी घरी कशी करावी?

बाजारात तयार खुंटी मिळते. पण घरी केलेलीही चांगले काम देते.

एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्यात मधोमध नळकामाचा प्लास्टिकचा पाइप उभा धरा. भोवती वाळू-सिमेंट भरा आणि दोन दिवस सुकू द्या. या पाइपात सैल जाईल असा दुसरा बारीक पाइप घाला. दोन्हींना भोके पाडून आडवा खिळा घातला, की उंची कमी-जास्त करता येते. सर्वांत वर मोटारीच्या रेडिएटरच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवा. हे रबर महत्त्वाचे. बॅट चुकून त्यावर लागली, तर रबर वाकते. बॅट फुटत नाही आणि मनगटाला हिसका बसत नाही.

चेंडू अडवायला समोर दोन दोऱ्यांवर जुनी जाड गोधडी टांगा. ती खालून मोकळी सोडा. चेंडू तिच्यावर आदळून खाली पडतो. गोधडीवर, खुंटीवरच्या चेंडूपेक्षा किंचित वर, रंगीत चिंधी टाचा. ते आपले निशाण. चाळीत किंवा वाड्यात जागा कमी असेल, तर खरा चेंडू वापरूच नका. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून घट्ट शिवलेला चेंडू घ्या. खिडक्याही शाबूत राहतील आणि शेजारीही!

कसे उभे राहावे?

आपण उजव्या हाताने खेळणाऱ्याची रीत सांगतो. डावखुऱ्याने उजवे-डावे उलट करावे.

डावा पाय पिचरकडे, म्हणजे गोधडीकडे. दोन्ही पायांत खांद्याहून थोडे जास्त अंतर. गुडघे जरासे वाकलेले. वजन टाचांवर नको, चवड्यांवर हवे. बॅटच्या मुठीवर डावा हात खाली, उजवा वर, दोन्ही हात एकमेकांना चिकटून. मूठ बोटांत धरावी, तळव्यात दाबून नव्हे. आवळून धरले की मनगट जखडते. दोन्ही हात उजव्या खांद्याजवळ असू द्या.

आता खुंटी कुठे ठेवावी? इथे बहुतेक जण चुकतात. ते खुंटी पोटासमोर ठेवतात. तसे करू नये. खुंटी पुढच्या, म्हणजे डाव्या पायाच्या रेषेत हवी. कारण खेळात चेंडू पोटासमोर येईपर्यंत थांबलो, तर उशीर होतो. बॅटला पुरता वेग येतो तो अंगाच्या पुढे. चेंडू अंगाजवळून येणार असे धरले, तर खुंटी आणखी वीतभर पुढे सरकवा. अंगापासून लांबचा चेंडू धरला, तर खुंटी थोडी मागे घ्या.

जोर कुठून येतो?

नवख्याला वाटते, जोर दंडात असतो. लाकूड फोडणाऱ्याला विचारा. तो सांगेल, नुसत्या हाताने कुऱ्हाड चालवली तर दहा घावांत हात भरून येतात. गोफण फिरवणारा शेतकरीही तेच सांगेल. जोर पायांतून निघतो, कमरेतून वळतो आणि हातातून बाहेर पडतो.

बेसबॉलचा फटका असाच आहे. त्याचा क्रम लक्षात ठेवा.

पहिल्याने वजन थोडे मागच्या पायावर घ्या. मग पुढचा पाय उचलून सरळ पिचरच्या दिशेने हलकेच टेका. लांब ढांग टाकू नका. पाय टेकला तरी हात अजून मागेच असावेत. मग कंबर वळते. मागच्या पायाची टाच उचलते आणि चवडा जागच्या जागी फिरतो, जणू आपण पायाने विडीचे थोटूक चिरडतो आहोत. कमरेमागून खांदे येतात, खांद्यांमागून हात, आणि सर्वांत शेवटी बॅट. आसूड ओढताना मूठ आधी जाते आणि टोक मागाहून सपकन् येते, तसेच हे.

कंबर, खांदे आणि हात एकदमच फिरले, तर आसुडाचा दांडा होतो. आवाज मोठा, काम थोडे.

डोके मात्र हलवू नये. नजर चेंडूवर असावी. चेंडू गेल्यावरही क्षणभर रिकाम्या खुंटीकडे पाहत राहावे. फटका कसा बसला हे पाहायच्या घाईने डोके आधीच वर गेले, की खांदा उचलतो आणि बॅट सरकते.

चेंडू बोलतो, तो ऐका

शिकवणारा जवळ नसला तरी हरकत नाही. चेंडू कुठे गेला यावरून चूक कळते.

चेंडू सरळ जाऊन चिंधीजवळ लागला, तर फटका बरोबर.

बॅट रबरावर लागून 'थप्प' आवाज आला, तर बॅट खालून आली. मागचा खांदा पडला असेल, किंवा हात कमरेपर्यंत खाली आले असतील.

चेंडू वर उडाला, तर बॅट त्याच्या खालच्या अंगाला लागली. चेंडू जमिनीवर आपटला, तर बॅट वरच्या अंगाला लागली, किंवा मनगटे लवकर उलटली.

खुंटी मधल्या जागी असूनही दर वेळी चेंडू डावीकडेच जात असेल, तर पुढचा पाय पाहा. तो पिचरकडे न पडता बाहेर पडत असेल. जमिनीवर खडूने एक सरळ रेघ मारा आणि पाय रेघेवरच टेका.

एका वेळी एकच चूक सुधारावी. पाय, खांदा, डोके या साऱ्यांचा एकदम विचार केला, तर माणूस गोंधळतो. आज पाय, उद्या खांदा.

रोज किती करावे?

आधी दहा वेळा बॅट नुसतीच सावकाश फिरवा, चेंडू न ठेवता. मग दहा फटके निम्म्या जोराने. मग दहा-दहाचे चार डाव पुऱ्या जोराने. प्रत्येक डावानंतर थोडे थांबा. डावागणिक खुंटीची उंची बदला. एकदा गुडघ्याजवळ, एकदा कमरेजवळ, एकदा छातीजवळ.

प्रत्येक फटक्याआधी एक गोष्ट आठवणीने करा. नजर आधी समोर न्या, जिथे पिचर उभा असतो तिथे. मग ती चेंडूवर आणा. सारखे खाली पाहून मारायची सवय लागली, तर खऱ्या खेळात ती नडते.

हात दुखू लागला, बॅट जड वाटू लागली, की थांबा. थकलेले अंग चुकीची रीत शिकते. दोनशे वेडेवाकडे फटके मारण्यापेक्षा चाळीस नीट मारलेले बरे.

आणि जपून बरे! बॅट फिरत असताना दहा फुटांच्या आत कोणी नको. लहान भावंडे चेंडू उचलायला धावतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे, "दादा 'ये' म्हणेल तेव्हाच यायचं." बॅटची मूठ गुळगुळीत झाली असेल, तर तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलांसाठीही हीच युक्ती थोड्या फरकाने चालते. मोज्यात चेंडू घालून तो झाडाच्या फांदीला किंवा तुळईला टांगावा आणि सरळ बॅटने हळूहळू खेळावा. तिथे बॅट आडवी न फिरवता उभी आणावी, एवढाच मोठा फरक.

खुंटी काय शिकवत नाही?

खुंटी सगळे शिकवत नाही. चेंडू कधी येईल, वळेल की बुडेल, मारावा की सोडावा, हे खुंटीवर कळत नाही. त्यासाठी हलता चेंडूच पाहिजे. म्हणून खुंटीवर अंग बसले, की पुढची पायरी घ्यावी. घरातल्या कोणीतरी बाजूला, जरा तिरके बसावे आणि चिंध्यांचा चेंडू हळूच वर टाकावा. आई, आजोबा, बहीण, कोणीही चालेल. त्यानंतर समोरून टाकलेला चेंडू, आणि शेवटी खरा पिचर.

ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन यांचे नाव आपण ऐकले असेल. लहानपणी बोवरल गावी घराच्या मागे पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या भिंतीवर ते गोल्फचा चेंडू मारीत, आणि उसळून येणारा चेंडू क्रिकेटच्या स्टंपने पुन्हा टोलवीत. जोडीदार नव्हता, बॅटही नव्हती. पुढे कसोटी सामन्यांत त्यांची सरासरी 99.94 झाली. सगळी मुले ब्रॅडमन होणार नाहीत. पण जोडीदार नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही, एवढे यावरून समजते.

लोक हसले तर?

हसतातच. रस्त्याने जाणारा म्हणतो, "काय रे, चेंडू हलतसुद्धा नाही. त्याला मारण्यात कसली मर्दुमकी?" मुलाला लाज वाटते. तो खुंटी अडगळीत टाकतो.

अशा वेळी घरच्या मोठ्या माणसांनी मुलाच्या बाजूने उभे राहावे. ती गोष्ट आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? आपण मोठेपणी पाटी हातात घेतली. आधी आखून दिलेला 'अ' गिरवला. तेव्हाही कोणी म्हणाले असेल, "आता या वयात गिरवताय काय!" पण गिरवले म्हणून तर आज हे पान आपण वाचतो आहोत. अमेरिकेतले नाणावलेले खेळाडूदेखील सामन्याआधी खुंटीवरचे चेंडू मारून हात मोकळा करतात. गिरवण्याची लाज त्यांना वाटत नाही.

म्हणून मुलगा किंवा मुलगी म्हणाली, "बाबा, मला एक डबा आणि पाइप आणून द्या ना," तर "अभ्यास कर" म्हणून वाटेला लावू नका. तिच्याबरोबर बसून खुंटी करा. उंची मोजून खुणा घाला. पहिले दहा फटके आपण मोजा, आणि किती चेंडू चिंधीला लागले ते वहीत लिहून ठेवा. आज दहांत दोन लागतील. महिन्याने पुन्हा मोजा. आकडा वाढला का, ते वहीच सांगेल.